लिंबू-चमचा आणि एकशे चव्वेचाळीस ठोकळे

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा पप्पांनी तो आधी आडवा करून खालून पाहिला. शिवाजीनगरचं कुठलंसं ऑफिस बंद पडलं होतं, तिथून तो सेकंडहँड आणला होता. मॉनिटर पोट सुटलेल्या माणसासारखा मागे फुगलेला. पप्पांनी सगळे स्क्रू तपासले, एक कमी निघाला, तेव्हा तो मोकळा कोपरा बोटाने दाबून म्हणाले, "हा बाद आहे." आई म्हणाली, "अहो, बाद तर बाद, चालू होतो का बघा." चालू झाला. तरी पुढे कितीतरी वर्षं पप्पा त्याच्याकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघायचे.

त्यांचाही इलाज नव्हता. पप्पा खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्रावरून उतरलेला एकेक सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांच्या हातात दोन गेज असायचे. एकातून तो भाग गेलाच पाहिजे, दुसऱ्यातून जाताच कामा नये. दोन्ही जमलं तर पास, नाहीतर बाद. केसाएवढ्या फरकालाही माफी नाही. "दारूगोळ्यात 'साधारण सारखं' असं काही नसतं," हे वाक्य मी लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ केलं. ही शिस्त कारखान्याच्या गेटवर ठेवून येता आली असती, पण ते ती डब्याबरोबर घरी आणायचे. आमच्याकडे कप फुटला की त्याची बशीही त्याच दिवशी सेवानिवृत्त व्हायची. माळ्यावर एका खोक्यात बिनकपाच्या बश्या आणि बिनबशीचे कप गुण्यागोविंदाने राहायचे, पण एका सेटचा कप आणि दुसऱ्या सेटची बशी एकत्र आली की पप्पा त्यातला चहा प्यायचे नाहीत. मोजे, अभ्रे, पडदे, सगळं जोडीनं. आई सांगायची, "लग्नात माझ्या जोडव्यांनासुद्धा गेज लावायचं म्हणत होते. भंतेजी खोळंबले होते."

क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे व्हरांडा. सकाळी कारखान्याचा भोंगा, मागून रेल्वेचा खडखडाट, आणि दिवसभर आईचं शिलाई मशीन. ती खडकी बाजारातल्या एका दुकानासाठी लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. दुपारचा भोंगा झाला की मशीन थांबायचं. भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन, हात दोनदा साबणाने धुऊन (कीबोर्डला वास लागतो म्हणून) आई कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर काढायची आणि बसायची. ती वेळ तिची. त्या वेळात घराला आग लागली असती तर तिने "आलेच, एक जोडी दिसतेय" असं म्हटलं असतं.

कारण त्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या मालकाने एक खेळ तसाच ठेवला होता. माहजाँग. पडद्यावर एकशे चव्वेचाळीस ठोकळे, कासवाच्या आकारात एकावर एक रचलेले. सारखे दोन शोधायचे, दोन्हींवर टिचकी मारायची, दोन्ही गायब. अट एकच. ठोकळ्याची डावी किंवा उजवी बाजू मोकळी हवी आणि त्याच्या डोक्यावर कुणी बसलेलं नको. (ही अट पुढे मला आयुष्यात फार ठिकाणी आठवली, पण तो विषय वेगळा, त्यावर माझं वेगळं पत्रक आहे.) चित्रं चिनी. आईने त्यांचं बारसं केलं. गोल गोल होत्या त्या चकल्या. बांबूच्या होत्या त्या काड्या. एक पक्षी होता, तो मोर. नुसती चौकट असलेला कोरा ठोकळा म्हणजे पाटी. आणि तांबड्या अक्षरांचे जे ठोकळे होते त्यांना ती सातबारा म्हणायची, कारण "वाचता येत नाही, पण महत्त्वाचं असावं असं वाटतं."

राहिले आठ. चार ठोकळ्यांवर फुलं, चार ठोकळ्यांवर ऋतू. प्रत्येक चित्र निराळं आणि एकुलतं एक. शेवंती होती, पण दुसरी शेवंती नव्हती. बर्फ होता, पण दुसरा बर्फ नव्हता. या आठांचं करायचं काय, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही घरात पडला असता. आमच्या घरात पडला नाही, कारण उत्तर खुर्चीत बसून पेपर वाचत होतं. पप्पांनी चष्मा लावून एकदा पाहिलं आणि निकाल दिला. "जोडी नाही. खराब नग मिसळलेत मालात." झालं. ते आठ बाद. पण बाद म्हणून उचलून बाजूला ठेवता येत नव्हते ना! ते मधेच ठाण मांडून बसायचे आणि त्यांच्या खालचे, त्यांच्या आडचे ठोकळे कायमचे अडकायचे. आई त्यांना वळसा घालून खेळायला शिकली. कुठला सातबारा आधी उचलायचा, कुठली चकली अजिबात हलवायची नाही, लांबलचक ओळ कुठून पोखरायची, हे सगळं ती त्या आठ दगडांच्या हिशेबाने ठरवायची. कासव आमच्याकडे कधीच संपलं नाही. किती उरले त्यावर दिवस बरा की वाईट ते ठरायचं. "वीस!" आई व्हरांड्यात येऊन जाहीर करायची आणि शेजारच्या क्वार्टरमधून विचारणा व्हायची, "काल किती होते गं?" आठच उरणं म्हणजे शंभरपैकी शंभर. ते कुणी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यात बल्बचं चित्र असलेलं एक बटण होतं. दाबलं की जुळणारी जोडी लुकलुकते, असं म्हणतात. म्हणतात, कारण आमच्याकडे ते कुणी कधी दाबलं नाही. "इशारा घेणं म्हणजे कॉपी," पप्पा म्हणायचे. नियम वाचायचं पानही होतं, इंग्रजीत. ते वाचण्याचं काम घरातल्या शिकलेल्या मुलीचं, म्हणजे माझं. मी वाचलं नाही. मी त्या खेळाच्या विरोधात होते.

विरोधात म्हणजे कशी, तर कडवी. मी कॉलेजात होते आणि एका संघटनेत पत्रकं लिहायचं काम शिकत होते. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंचा मंत्र होता: पहिल्या वाक्यात मागणी, दुसऱ्यात जबाबदार कोण, तिसऱ्यात मुदत. चौथं वाक्य लिहिलंस तर लोक वडापाव बांधतील त्यात. त्या शाळेत शिकलेली मुलगी घरी येते आणि बघते तर आई ठोकळे उडवत बसलेली. मी म्हणायचे, "आई, हा खेळ म्हणजे बायकांना झोपवायची अफू आहे." आई मान न वळवता म्हणायची, "मग मोठ्यानं बोलू नको, झोप मोडेल." मी म्हणायचे, "मला पत्रक टाइप करायचंय, निकड आहे." ती विचारायची, "कशावर?" एकदा खरंच पत्रकाचा विषय होता, श्रमिक स्त्रीचा विश्रांतीचा हक्क. आईने तो ऐकला, खुर्ची आणखी पुढे ओढली आणि म्हणाली, "मी तोच बजावतेय. तू हातानं लिही."

आत्मकथन पांढऱ्या केसांनी लिहावं, असं एका ज्येष्ठांनी मला परवा सुनावलं. माझे पांढरे अजून मोजकेच आहेत. पण ज्यांना "थांबा, तुमची वेळ येईल" म्हणतात त्यांची वेळ कुणी आणून देत नाही, हे मी पुराव्यानिशी सांगू शकते. आणि पुरावा लिंबू-चमच्याचा आहे.

आमच्या वस्तीत विहाराच्या हॉलमध्ये दरवर्षी जयंती सप्ताह व्हायचा. खीर, निळे झेंडे, भाषणं, आणि स्पर्धा. पुरुषांना बुद्धिबळ, कॅरम, वक्तृत्व, सामान्यज्ञान. महिलांना संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. वर्षानुवर्षं. त्या वर्षी मी पत्रक काढलं. ते मला अजून पाठ आहे. "महिलांना बुद्धीच्या स्पर्धांत प्रवेश द्या! ज्यांची जयंती आपण करतो त्यांनी स्त्रीच्या हातात पुस्तक दिलं. कमिटीने तिच्या तोंडात काय दिलं? चमचा!!! रविवारपर्यंत उत्तर द्या!" ते मी विहाराच्या भिंतीवर, नळाजवळच्या खांबावर आणि कमिटीचे सेक्रेटरी मधुकरकाका यांच्या स्कूटरच्या सीटवर चिकटवलं.

मधुकरकाका आमच्याच ओळीत राहायचे. वाद घालताना ते कधी ओरडायचे नाहीत. खडकवासल्याचं पाणी जन्मभर प्यायलेला पुणेकर आवाज न चढवता समोरच्याची साल काढू शकतो. रविवारच्या बैठकीला ते सीटवरून खरवडून काढलेलं पत्रक घेऊनच आले. हॉलमध्ये पुढे पुरुष, मागे महिला मंडळाच्या बायका.

"जय भीम. पत्रक वाचलं," ते म्हणाले. "'चमचा'पुढे तीन उद्गारचिन्हं आहेत. एकात भागलं असतं. आता मुद्दा. कॅरम ठेवू महिलांना. किती जणींना स्ट्रायकर धरता येतो?"

"धरू दिला कधी?" मी उभी राहिले.

"बुद्धिबळ? घोडा कसा चालतो, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मी तिथल्या तिथे लाल झाले, कारण घोडा कसा चालतो ते मलाही नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काका, हा अपमान आहे."

"अपमान नाही बाळ, चौकशी आहे. जे येत नाही त्याची स्पर्धा कशी घ्यायची, एवढंच विचारतोय."

तेव्हा मागून आई म्हणाली, "भाऊजी, आम्हाला ठोकळे येतात."

"कसले ठोकळे, वहिनी?"

"कॉम्प्युटरवरचे. तुमच्या हर्षलला विचारा, त्यालाही येतात. त्याला म्हणावं, ये माझ्यासमोर."

हर्षल मधुकरकाकांचा मुलगा, हिंजवडीत आयटीत. विहाराच्या अभ्यासिकेतला कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता. तो मागच्या दाराशी उभा होता, त्याने नुसतेच "अहो काकू" म्हणून हात जोडले. पण मधुकरकाकांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी अटी तिथेच सांगितल्या, पत्रकापेक्षा सुटसुटीत. तुमची एक, आमचा एक. ज्याचे ठोकळे कमी उरतील तो जिंकला. वहिनी जिंकल्या तर पुढच्या वर्षीपासून सगळे खेळ सगळ्यांना. हरल्या तर लिंबू-चमचा कायम, "आणि सुजाता, तू वर्षभर विहाराच्या भिंतीला पत्रक लावायचं नाही. माझ्या स्कूटरला तर जन्मात नाही."

पंच कोण? याला मात्र दोन्ही बाजूंनी एकच नाव आलं. पप्पा. बायको खेळतेय म्हणून ते एक ठोकळा इकडचा तिकडे करतील, असा संशय अख्ख्या खडकीत कुणाला आला नसता. मला आला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे वाटलं.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी ओळीतल्या बायका गच्चीवर कुरडया घालायच्या, आणि चिकानं माखलेले हात तसेच वर धरून आमच्या घरात घुसायच्या. कैरीच्या फोडी, तिखटमीठ, आणि आईच्या खुर्चीमागे सात-आठ डोकी. "अगं मोर, मोर! तो बघ डाव्या कोपऱ्यात!" "मोर दिसतोय मला, आंधळी नाही मी. त्याच्याखाली काय आहे ते सांग." "पाटी!" "मग आधी पाटी सोडवू दे." आई शिकवायची कमी आणि बढाया जास्त मारायची. "हर्षलला सांगा, टॉवेल घेऊन ये म्हणावं. घाम पुसायला." "अगं, हरलीस तर?" "हरायला वेळ कुठंय मला, फ्रॉक पडलेत शिवायचे." एका दुपारी चौदाच उरले. चौदा! ती बातमी भोंग्याआधी पसरली. माझी अफूची थिअरी मी तूर्तास गुंडाळून ठेवली होती. माझी भिंत पणाला लागली होती, आणि आईचा शब्द.

स्पर्धेच्या संध्याकाळी हॉल इतका भरला की खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं बसली. हर्षलने प्रोजेक्टर आणला होता. भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि तिच्यावर आमचं कासव पसरलं, म्हशीएवढं. खेळ आमच्याच घरून सीडीवर नेला होता. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशेजारी उभे, गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ. चिठ्ठी टाकली, हर्षलचा डाव पहिला.

चांगला खेळत होता. पटपट, पण आततायी नाही. आई हाताची घडी घालून बघत होती आणि शेजारणीला समजावत होती, "हं, आता फसणार. शेवंती आहे ना मधे, तिच्यापाठी सगळं अडकलंय." आणि तेवढ्यात हर्षलने शेवंतीवर टिचकी मारली, मग दुसऱ्या टोकाच्या गुलाबी मोहोरावर मारली, आणि दोन्ही फुलं गायब झाली.

शिट्टी वाजली. पप्पांची शिट्टी म्हणजे कारखान्याचा धाकटा भोंगाच.

"बाद!" पप्पा म्हणाले. "जोडी चुकीची आहे."

"काका, कॉम्प्युटरनेच घेतली," हर्षल म्हणाला.

"कॉम्प्युटर पहिल्यापासून बाद आहे. ती शेवंती, हा मोहोर. डोळ्यांनी दिसतंय."

मागे बायकांनी गलका केला. मी खुर्चीवर चढले. "ही फसवणूक आहे! यंत्रात फेरफार झालाय! कमिटीने खुलासा करावा!" मुदत द्यायची तेवढी राहिली. हर्षल बिचारा कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं सुजाता, फुलं कुठलीही कुठल्याही फुलाशी जुळतात. ऋतू ऋतूंशी. नियमच आहे तो." आणि त्याने ते पान उघडलं. इंग्रजी पान. मी कधीच न उघडलेलं. म्हशीएवढ्या चादरीवर.

"वाच की," मधुकरकाका मला गोड आवाजात म्हणाले. "मोठ्यानं. आणि मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळेल."

मी वाचलं. चारही फुलं वेगळी दिसत असली तरी एकमेकांची जोडी धरावीत. ऋतूंचंही तसंच. पप्पांनी माझ्यावर भरवसा ठेवला नाही, स्वतः चादरीजवळ गेले, चष्मा वर केला, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला होता आणि इस्त्रीच्या शर्टावर अर्धा नियम उमटला होता. मग वळले. आईकडे पाहिलं नाही.

"नियमात आहे," ते म्हणाले. "जोडी पास. खेळ पुढे."

सख्खा नवरा! मी तेव्हा मनातल्या मनात पप्पांविरुद्ध एक पत्रक लिहिलं, तिन्ही वाक्यांसकट.

हर्षलचे शेवटी दहा उरले. टाळ्या झाल्या. आमच्या घरच्या इतिहासात दहा कधी आले नव्हते. मधुकरकाका उठून म्हणाले, "वहिनी, नियम आत्ताच समजले तुम्हाला. हवं तर उद्या खेळू. आमची हरकत नाही." आणि ते खरंच म्हणत होते, टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त झोंबलं.

आई उठली. पदर खोचला. टेबलापर्यंत येऊन तिने आधी पप्पांना गाठलं. "इतकी वर्षं खराब नग म्हणालात!"

"जोडी नव्हती," पप्पा पुटपुटले.

"होती की. तुमच्या नजरेत बसत नव्हती एवढंच. सरका, उजेड अडवताय." आणि मधुकरकाकांना म्हणाली, "उद्या नको, भाऊजी. उद्या माझे फ्रॉक द्यायचेत."

आता सांगते ते मी त्या चादरीवर पाहिलेलं आहे. आई आधीसारखीच खेळली. फुलं दिसत होती, मोकळी होती, मागून बायका ओरडत होत्या, "अगं फूल घे, फूल!" तिने हात लावला नाही. ज्यांच्याशिवाय खेळायची तिला सवय होती त्यांच्याशिवायच ती खेळत राहिली. वळसा घालून, लांब ओळ पोखरून, कासवाची पाठ सोलत. चकल्या गेल्या, काड्या गेल्या, मोर गेले. हर्षल पुढे वाकून बघत होता, एकदा तो अभावितपणे म्हणाला, "काकू, हे कसं दिसलं तुम्हाला?" आई म्हणाली, "बोलू नको, पाटी सापडत नाहीये." मग एका ठिकाणी ती थांबली. कुठेच वाट नव्हती. घरी असती तर इथे खुर्ची मागे सरकवून व्हरांड्यात आली असती आणि आकडा ओरडली असती.

"पंच," ती म्हणाली.

"काय?"

"शेवंती आणि हे फुलांतलं बांबूचं पान. जुळतात?"

"नियमात..."

"नियमात नको. तुम्ही सांगा. जुळतात का?"

पप्पांनी घसा साफ केला. "जुळतात."

"मोठ्यानं. मागे ऐकू जात नाही."

"जुळतात!"

हॉल हसला. जोडी गेली आणि तिच्याखाली दोन सातबारे उघडे पडले, मग भराभर रस्ता मोकळा होत गेला. तिने बाकीची फुलं, ऋतू शेवटपर्यंत राखून ठेवले. मग एकेक जोडी धरायची आणि दुसऱ्या हाताने पप्पांकडे बोट करायची, आणि पप्पांना म्हणावंच लागायचं, "पास." बर्फ आणि पानगळ. "पास." पुढे पुढे अख्खा हॉल त्यांच्याबरोबर म्हणू लागला. शेवटच्या जोडीला मधुकरकाकाही "पास" म्हणाले, मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

आणि चादर रिकामी झाली. नुसती हिरवी. आम्ही त्या कासवाच्या खालची जमीन कधी पाहिलीच नव्हती. बायका नाचत होत्या, मी कुणाच्या तरी गळ्यात पडून रडत होते, आणि पप्पा त्या रिकाम्या हिरव्याकडे टक लावून उभे होते.

"खाली काहीच नाही की," ते म्हणाले.

"मग काय गुप्तधन असणार होतं?" आई म्हणाली. "शिट्टी काढा गळ्यातून, पेढा देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माळ्यावरचं खोकं काढलं. पप्पांच्या पुढ्यात चहा आला तो निळ्या फुलांच्या कपात आणि तांबड्या काठाच्या बशीवर. पप्पांनी पाहिलं. कप उचलून बशी फिरवून पाहिली. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. कारखान्याचा भोंगा वाजला, उशीर होत होता. त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुरका मारला. खोकं परत माळ्यावर गेलं नाही.

खेळाचं विचाराल तर आई आठ दिवसांत कंटाळली. "आता सगळंच जुळतंय, डोकं कुठं लावायचं?" म्हणाली आणि पुन्हा जुन्या नियमाने खेळायला लागली. फुलांना हात लावायचा नाही, ऋतूंना हात लावायचा नाही, किती उरले ते व्हरांड्यात ओरडायचं. तो आमच्या घरचा नियम. आज आई वारज्याला आमच्याजवळ राहते, टॅबवर तोच खेळ आहे, दर डावाला जाहिरात येते (त्यावरही पत्रक निघालं पाहिजे), आणि तिचा नियम अजून तोच आहे. मी कधी बसले तर मीही तसंच खेळते. माझा विक्रम तीस. कार्यकर्त्याला धीर कमी.

पण मुद्दा लिंबू-चमच्याचा राहिला. पुढच्या वर्षी जयंतीआधी मी मंडळाच्या बैठकीत विजयी मुद्रेने ठराव मांडला, लिंबू-चमचा ही मागास स्पर्धा कायमची बंद करावी. अनुमोदनाची वाट बघत होते. एक बाई म्हणाली, "का गं? आमचा लिंबू-चमचा का बंद?" दुसरी म्हणाली, "वर्षातून एकदा चार लोकांसमोर पळायला मिळतं, ते पण तू काढून घे." मी समजावायला गेले. त्यांनी मलाच गप्प केलं. स्वतःच्याच बाजूच्या लोकांनी ठराव पाडण्याचा तो माझा पहिला अनुभव, पुढे पुष्कळ आले. शेवटी आई म्हणाली, "भाऊजींनी काय कबूल केलं होतं? सगळे खेळ सगळ्यांना. मग लिंबू-चमचासुद्धा सगळ्यांनाच."

त्या वर्षी विहाराच्या भिंतीवर माझं आजवरचं सगळ्यात छोटं पत्रक लागलं. "कमिटीने लिंबू-चमच्यात पळावं! रविवारी!" उद्गारचिन्हं मोजून दोन.

आणि कमिटी पळाली. शब्द दिलेला होता, आणि मधुकरकाका शब्दाचे पक्के. ते रेषेवर येऊन उभे राहिले, चमचा तोंडात धरून पाहिला, दातांतून निसटायला लागला. तेव्हा त्यांनी शांतपणे कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि वस्तीतल्या एकमेव विश्वासू माणसाच्या, म्हणजे पप्पांच्या हातात दिली. "हिरड्यांत पक्कं बशतं," असं काहीसं म्हणाले. पप्पा रेषेच्या टोकाला उभे, तोंडात शिट्टी, मुठीत मधुकरकाकांचे दात.

शिट्टी झाली. बाकीच्यांची लिंबं चार पावलांत पडली. मधुकरकाका एकटे, हात पाठीमागे बांधून, पाण्याचा हंडा डोक्यावर असल्यासारखे चालत होते, आणि कॅरमचा डाव अर्धा टाकून आलेल्या बायका दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होत्या. शेवटची रेषा दोन हातांवर आली तेव्हा आई ओरडली, "भाऊजी, घाई नको! आधी बाजू मोकळी बघा!"

काकांना हसू आलं. बिनदातांचं, मोठ्ठं. लिंबू टपकन खाली आलं आणि गडगडत पप्पांच्या बुटाला लागून थांबलं.

पप्पांनी ते उचललं, फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, "बाद."